मार्चअखेर बालाघाटच्या डोंगरात तंबू टाकून राहायचंय. परवाच अवकाळी झालाय, म्हणजे वणव्याची भीती नाही ना?

आहे. अन् हे "परवाच पाऊस झालाय" वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण ह्याच बोलण्यापायी माझी पाइपलाइन गेलीय. त्यामुळं उत्तर लांबणार, घाई असेल तर खाली तंबूचं लिहिलंय तेवढं वाचा.

आमचं शेत बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याकडच्या बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याला. वर लवणात छोटा पाझर तलाव आहे, तिथून काळा पाइप खाली आणलेला, अर्ध्या वाटेला नुसता कातळ असल्यामुळं गाडता येत नाही म्हणून गवतातूनच अंथरलेला. शेजारी चुलत्यांचं रान, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. मार्चमध्ये एका संध्याकाळी गारा पडल्या. 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये पडल्या होत्या तशा नाही, त्या वर्षी मराठवाड्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण गहू लोळायला अन् आंब्याचा मोहर झडायला पुरेशा. सकाळी चपलीला चिखल लागत होता. तात्यांनी त्याच दिवशी दुपारी बांध पेटवायला काढला. मी म्हणलं, तात्या आज नका, वारं सुटलंय. तर म्हणे, "आरं काल येवढा पाऊस झालाय, डोंगर वला हाय, काय पेटतंय? तू दोन बुकं शिकला म्हणून मला शिकवू नको."

आता ह्यात गंमत अशी आहे की माती ओली असते, गवत नसतं. मार्चचं गवत मेलेलं असतं, त्याला मुळातून पाणी चढत नाही, ते फक्त वरवर भिजतं आणि ऊन-वारा लागला की तास-दोन तासांत परत कडकडीत. जाड ओंडका वाळायला आठवडे लागतात, काडीला काय लागतंय. आमच्याकडं मार्चअखेर दुपारी पारा 38-40 ला जातो अन् हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, तिथं कालच्या पावसाची काय मातब्बरी.

बांध पेटला, बांधावरून गवतात, गवतातून डोंगरात. चढावर जाळ तिरपा होऊन वरच्या गवताला आधीच भाजत चालतो, त्यात दुपारी वारंही खालून वर वाहतं, त्यामुळं वणवा उतारापेक्षा चढाला कितीतरी जोरात पळतो. आम्ही पाच-सहा जण निरगुडीचे डहाळे तोडून झोडपत होतो. जाळाची उंची गुडघ्याएवढीच, पण आवाज असा की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, अन् भावाच्या चपलीचा तळ चिकटायला लागला तेव्हा समजलं की आपण गरम राखेत उभे आहोत.

तरी हे सगळं आवाक्यात होतं. वर पठारावर नांगरलेलं रान होतं, तिथं जाऊन आपोआप थांबलं असतं. पण चारच्या सुमाराला पश्चिमेला ढग चढला. सगळे खूश, आला पाऊस. मी नव्हतो खूश. उन्हाळ्यातला असा गडगडाटी ढग आधी वारा सोडतो, ढगातली गार हवा खाली आदळते अन् चौफेर पसरते, पाऊस मागून येतो किंवा येतच नाही. झालं तेच. वर चाललेला जाळ एका झटक्यात आडवा फिरला अन् सीताफळीच्या बनात घुसला, माझा पाइप मधेच. पावसाचे चार टपोरे थेंब पडले, फुफाटा उडाला, ढग पुढं निघून गेला. संध्याकाळी गेलो तर पाइपाच्या जागी काळी रबडी दगडावर थिजलेली, जॉइंटचे लोखंडी क्लॅम्प तेवढे शाबूत.

तात्या काय म्हणाले? "गुराख्यानं बिडी टाकली असंल." कागदावर पण 'अज्ञात कारणाने' असंच लागलं.

आणि मुख्य भांडण इथं आहे. तात्यांसारख्या लोकांचं ठाम मत की जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमात येतं. येतं ना, पण कोणतं? कुसळी. कुसळीच्या बियाला जी शेपटी असते ती दमट-कोरड्या हवेत पीळ घेत-सोडत बी मातीत घुसवते, जाळ वरून निघून जातो आणि बी खाली सुखरूप. पवना, मारवेल ही खरी चाऱ्याची गवतं वरचेवर जाळून मागं पडतात. म्हणून आमच्या डोंगरावर आता शेळ्या-मेंढ्यांच्या लोकरीत अन् तोंडात कुसळं घुसतात आणि तात्या म्हणतात, पूर्वीसारखं गवत राहिलं नाही. कसं राहील? शिवाय जळाल्यावर पालवी फुटायला ओल लागते, ती आमच्याकडं जूनशिवाय नसते. तोवर डोंगर उघडाबोडका, अन् पहिल्या वळवाला राख आणि वरची माती मिळून थेट पाझर तलावात.

आता तुमचं तंबूचं. कपिलधार असो की नायगावचं मोरांचं अभयारण्य (तिथं तर परवानगीशिवाय मुक्काम करूच नका), मार्च-एप्रिलमध्ये चूल, शेकोटी, बार्बेक्यू हे डोक्यातून काढून टाका. स्वयंपाक करायचाच तर नांगरलेल्या रानात किंवा उघड्या मुरमावर छोटा गॅस, तोही सकाळी. दुपारी अकरानंतर काडी नाही. तंबू घळीत टाकू नका, घळ धुराड्यासारखी जाळ वर ओढते. वणवा दिसलाच तर वर पळू नका, बाजूनं नांगरटीत उतरा, किंवा जाळ विरळ असेल तिथून आधीच जळून गेलेल्या काळ्या भागात घुसा. 1926 हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, लावा. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, 'चुकून झालं' म्हणून सुटत नाही.

हवामानाचं म्हणाल तर सकाळी गार, दुपारी भाजणार, संध्याकाळी काहीही. बातम्यांत "विदर्भापासून मराठवाड्यातून दक्षिणेकडं कमी दाबाचा पट्टा" असं ऐकलं की पुढचे दोन दिवस पठारावर जाऊच नका, कारण वीज. वीज पडायची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप टाकून घ्या, झाडाखाली थांबू नका. मराठवाड्यात विजेनं माणसं अन् जनावरं दरसाल जातात.

दोन गोष्टी राहिल्या. एक, सलग दोन-तीन दिवस झड लागली तर धोका खरंच उतरतो, पण संध्याकाळची अर्ध्या तासाची सर म्हणजे झड नव्हे. दोन, वनखातं स्वतः जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून मोकळा पट्टा करतं, तेव्हा तो पट्टा जाळतंच, ते थंडीत, माणसं उभी करून, ठरवून. तात्या नेमका हाच दाखला देतात, "खातं जाळतंय ते चालतंय अन् आम्ही जाळलं की गुन्हा." हो तात्या, गुन्हाच. आणि नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचं मी सांगत नाही, तिथं सागाचं जंगल, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, ते प्रकरण निराळं.

पाइप यंदा परत टाकलाय. ह्या खेपेला दोन्ही बाजूंनी गवत काढून पट्टा मोकळा केलाय, मजुरी माझ्याच खिशातून. तात्या तिकडूनच बघत होते, म्हणाले, येवढा खर्च करण्यापरीस एक काडी लावली असती तर फुकटात साफ झालं असतं.