बुलेटला २८ चा कार्बुरेटर बसवण्याआधी २४ चा नीट करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९४ ची बुलेट ३५० आहे, मूठ पिळली की गाडी आधी घुसमटते आणि मग उचलते. मित्र म्हणतोय बुलेट ५०० चा २८ चा मिककार्ब कार्बुरेटर लाव (२८ म्हणजे त्याचा हवेचा गळा २८ मिमी, तुमच्या ३५० ला २४ चा असतो), पिकअप सुधारेल. हे घरी जमेल का, आणि करावं का?

घरी जमेल. पण निदान आत्ता तरी करू नका. मी २०११ साली माझ्या ३५० ला नेमकं हेच केलं होतं आणि तीन महिन्यांनी परत २४ वर आलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठा कार्बुरेटर म्हणजे जास्त पेट्रोल, असा बहुतेकांचा समज असतो. कार्बुरेटर पेट्रोल ढकलत नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्या खेचेने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल वर येतं. सगळा खेळ त्या वेगाचा आहे. २४ मिमीच्या गळ्याऐवजी २८ मिमीचा घेतला की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच हवेचा वेग सुमारे पाऊण होतो. खेच वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे ती जवळपास निम्म्यावर येते. बुलेटचं इंजिन ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), संथ चालणारं. २००० आरपीएमला ते मिनिटाला हजार वेळा श्वास घेतं, एका वेळी फार तर ३४६ सीसी. गावात आपण बहुतेक वेळ तिथेच असतो, आणि मोठा गळा नेमका तिथेच अडचणीत आणतो.

माझ्या गाडीचं तसंच झालं. मोकळ्या हायवेला शेवटच्या टप्प्यात थोडी जोर करायची, पण टॉप गिअरला ४० वर असताना मूठ पिळली की क्षणभर बसायची. शिवाय हेडचा पोर्ट (इंजिनात हवा शिरायचं तोंड) २४ च्या हिशेबाचा, त्यामुळे कार्बुरेटर जिथे हेडला टेकतो तिथे आत पायरी तयार झाली होती. अॅव्हरेज ३३ वरून २६ वर आलं. तुमची तक्रार आधीच घुसमटण्याची आहे. २८ लावून ती वाढेल.

तुमच्या गाडीचं दुखणं मला वेगळं वाटतं. मूठ पिळल्यावर घुसमटणं आणि मग उचलणं हे मिश्रण पातळ असल्याचं लक्षण आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. याची खात्री पाच मिनिटांत होते. गाडी नीट तापू द्या, मोकळ्या रस्त्यावर ज्या मुठीला ती घुसमटते तिथे न्या, आणि चोकचा खटका अर्धा उचलून तीच चाल परत करा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे. आणखी बिघडली तर उलट, पेट्रोल जास्त होतंय. पण ही चाचणी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ठिणगी पाडणाऱ्या प्वॉइंटची गॅप (०.३५ ते ०.४० मिमी) आणि ठिणगीचं टायमिंग तपासल्यावरच करा. प्वॉइंट जळालेला असेल तर तुम्ही महिनाभर जेट बदलत बसाल आणि गाडी तशीच राहील.

आता पातळ का झालं? जुन्या गाड्यांना आज दोन कारणं असतात, आणि दुसऱ्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

पहिलं कारण म्हणजे हवेची गळती. मिककार्बचा फ्लँज, म्हणजे इंजिनला जोडणारी चपटी कड, दोन नटांवर बसतो. दर वेळी कुणीतरी जोर लावून नट आवळतो आणि तीस वर्षांत त्या मऊ धातूचे दोन्ही कान पुढे वाकतात. मधे फट राहते, तिथून चोरून हवा जाते. माझ्या गाडीचा फ्लँज असाच वाकलेला होता. एका गॅरेजवाल्याने दणकून आवळला होता. कार्बुरेटर काढा, फ्लँज जाड सपाट काचेवर ठेवा आणि हलतो का बघा. हलत असेल तर ओ-रिंग (खाचेतली रबरी कडी) काढून घ्या, काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. मला पाऊण तास लागला होता. जास्त घासलं तर ओ-रिंगची खाच उथळ होते आणि ती नीट बसत नाही. नवी ओ-रिंग व्हायटॉनची (पेट्रोल सोसणाऱ्या रबराची) घ्या. बसवताना दोन्ही नट आळीपाळीने, पाव-पाव फेऱ्याने आवळा, आणि छोट्या पान्याने, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात कुणीही लेथवाला हा फ्लँज सपाट करून देईल, पण काचेवर हाताने केलेलं काम मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण धातू किती गेला ते आपल्याला दिसतं.

दुसरं कारण पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ पासून देशात ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं, आणि आता बहुतेक सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९, आणि ई२० ला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. तुमचा कार्बुरेटर १९९४ च्या पेट्रोलसाठी कोरलेल्या छिद्रावर चालतोय, त्याला हे कळायचा मार्गच नाही. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना मिश्रण आठेक टक्के पातळ झालंय. म्हणून मी सांगतो, आजच्या घडीला जुन्या बुलेटचं खरं अपग्रेड म्हणजे त्याच कार्बुरेटरला ई२० साठी थोडं पेट्रोल वाढवून देणं.

काम सुरू करण्याआधी पेट्रोल कॉक बंद करा, फ्लोटच्या वाटीतलं (कार्बुरेटरच्या तळाची वाटी, तिच्यातला तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो) पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, आणि हे सगळं अंगणात करा. गॅस, उदबत्ती, मोटारीचं बटण असं काही जवळ नको. तेवढ्यात टाकीखाली एक बाटली धरून कॉक उघडून बघा: धार सलग मिनिटभर टिकते का? तुटत असेल तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. हे न बघता कार्बुरेटर खोलणारे मी खूप पाहिले आहेत.

खोलल्यावर जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, ओरखडा पडला की माप बदललं. क्लीनरचा फवारा आणि हवेचा पंप पुरतो. जेट ड्रिल करून मोठा करणारे असतात, त्यांचंही ऐकू नका. ०.९ मिमीचं भोक १ मिमी केलं तर 'फक्त एक पॉइंट' वाढला असं वाटतं, प्रत्यक्षात क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढतं. शिवाय मिकुनीच्या आणि केहिनच्या जेटचे नंबर एका मापाचे नाहीत, त्यामुळे ते एकमेकांत मिसळू नका. फ्लोट बघताना बॉडी उलटी धरा. फ्लोटची पट्टी बॉडीच्या कडेला समांतर हवी.

आता मुठीवर चिकटपट्टी लावा आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. याने निम्मं काम सोपं होतं, कारण कार्बुरेटरचा प्रत्येक भाग मुठीच्या ठरावीक पट्ट्यात बोलतो. पाव मुठीपर्यंत पायलट जेट (आयडलिंगचा छोटा जेट), एअर स्क्रू आणि स्लाइडचा (मुठीने वर-खाली होणाऱ्या नळकांड्याचा) खालचा तिरका काप. पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई). पाऊणच्या वर मेन जेट. गाडी अर्ध्या मुठीला घुसमटत असताना मेन जेट बदलून काही उपयोग नाही. गॅरेजमध्ये हीच चूक सर्रास होते.

एअर स्क्रूपासून सुरुवात करा. तुमच्या मिककार्बसारख्या व्हीएम कार्बुरेटरमध्ये तो हवेवर ताबा ठेवतो, म्हणून आत पिळला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि बाहेर काढला की पातळ. (दुसऱ्या एखाद्या कार्बुरेटरचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तिथे बहुधा उलटं असतं.) हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा, मग तापल्या इंजिनवर पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात स्थिर आयडलिंग शोधा. ई२० वर ते दीड फेऱ्याच्या आतच सापडतं.

नीडलला पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मधला पट्टा घट्ट होतो. तुमच्या तक्रारीवर बहुधा हाच इलाज निघेल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर परत चालवा. मी गगनबावड्याच्या रस्त्याचा एकच चढ ठरवून ठेवला होता.

मेन जेट शेवटी, आणि एकच पायरी. माझ्या कार्बुरेटरमध्ये ९० नंबरचा होता, तो ९५ केला. प्लगचा रंग बघायचा असेल तर दिवसा, रिकाम्या चढावर, तिसऱ्या गिअरला पूर्ण मूठ ठेवून थोडं अंतर जा, मग क्लच दाबून चावी बंद करा आणि कडेला थांबून प्लग काढा. बदामी रंग हवा, पांढराफटक असेल तर पातळ, काजळी धरली असेल तर घट्ट. ई२० वर प्लग मुळातच थोडा फिकट दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जेट वाढवत जाऊ नका. आणि हे जेटिंग इथल्या उंचीचं आहे. हजार मीटर वर गेलं की हवा दहाएक टक्के विरळ होते. महाबळेश्वरला माझी गाडी जरा जड चालते, ते मी तसंच सोडतो.

एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो अजिबात मानू नका. आपल्या रस्त्यांच्या धुळीत रिंग आणि बोअर किती लवकर जातात ते उघड्या कार्बुरेटरची गाडी खोलल्यावर कळतं.

शेवटी पीयूसीवाल्याकडे जा आणि त्याला विनंती करा, पाच मिनिटं मशीन लावून ठेव. नळी सायलेन्सरमध्ये असताना एअर स्क्रू पाव फेरा फिरवला की सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा समोर हलताना दिसतो. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला ४.५ टक्क्यांची मर्यादा आहे. तुम्ही पेट्रोल वाढवत असल्यामुळे हे बघणं गरजेचं आहे, आणि घरगुती ट्यूनिंगला इतकं स्वस्त आणि अचूक यंत्र दुसरं मिळणार नाही.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मग वाटीच्या तळाशी पांढरट थर बसतो.

२८ चा विचार कधी करायचा? इंजिन ५०० चं केलं असेल किंवा पोर्ट आणि व्हॉल्व्ह मोठे केले असतील तेव्हा. तोपर्यंत एक वही ठेवा. माझ्या वहीतली आत्ताची नोंद अशी आहे: मेन ९५, क्लिप वरून चौथ्या खाचेत, एअर स्क्रू सव्वा फेरा, सीओ २.१, अॅव्हरेज ३२. जुना ९० चा जेट त्याच पानाला पुडीत बांधून लावलाय.