तरतूद म्हणजे कलम की पैसा?

प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या बातम्यांत "अंमलबजावणीसाठी दीर्घकालीन तरतूद असलेलं विधेयक" असं छापून येतं, तिथे तरतूद बरोबर आहे का, की निधी किंवा विनियोजन म्हणायला हवं?

चूक नाही, पण मोघम आहे. "म्हातारपणाची तरतूद करून ठेवलीय" म्हटलं की पैसा बाजूला काढलाय हे कळतं, आणि "कायद्यात तीन वर्षं कैदेची तरतूद आहे" यात दमडीचाही संबंध नाही, ते नुसतं कलम. मग "विधेयकात डिटेन्शनची तरतूद आहे" यावरून काय समजायचं, माणसं डांबायचा नवा अधिकार दिलाय की डांबायच्या जागेसाठी पैसे दिलेत? एरवी संदर्भावरून निभावतं, पण इथे खरी मेख त्याच फरकात आहे.

२०२५ चं ट्रम्प यांचं ते 'बिग ब्यूटिफुल बिल' घ्या, इमिग्रेशनच्या अंमलबजावणीचा पैसा त्यातच होता. सिनेटमध्ये एरवी विधेयक पुढे सरकवायला १०० पैकी ६० मतं लागतात, तेवढी रिपब्लिकनांकडे नव्हती, म्हणून त्यांनी ते रिकन्सिलिएशनच्या, म्हणजे जमाखर्चाच्या विधेयकांसाठी असलेल्या खास वाटेने नेलं, तिथे साधं बहुमत पुरतं, पण अट अशी की मजकूर मुळात जमाखर्चाचा हवा, नुसतं धोरण घुसडलं तर बर्ड रूलखाली ते उडवता येतं. थोडक्यात पैशाची तरतूद चालते, कलमाची अडकते! मतं ५०-५० पडली, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने ते पार पडलं आणि ४ जुलैला सही होऊन कायदा झाला, त्यामुळे त्यानंतरही त्याला विधेयक म्हणत राहणं चूकच.

आणि पैसा तरी किती, डिटेन्शनसाठी ४५ अब्ज डॉलर, आईस या इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेच्या भरती-कारवाईसाठी आणखी जवळपास ३० अब्ज, सीमेवरच्या भिंतीला ४६.५ अब्ज. आईसचं एरवीचं वर्षाचं बजेट १० अब्जांच्या घरात, यावरून अंदाज घ्या.

याला काटेकोर शब्द विनियोजन. आपल्या विधानसभेतही अनुदानाच्या मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं, त्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. पण बातमीच्या मथळ्यात हा शब्द टाकला तर निम्मे वाचक तिथेच गळतील, म्हणून मी सरळ निधी लिहीन.

दीर्घकालीन ठीक आहे, काही जण कायमस्वरूपी लिहितात ते मात्र साफ चूक. हा पैसा ३० सप्टेंबर २०२९ पर्यंतच वापरायला आहे, नेहमीच्या खर्चासारखा दरवर्षी मंजूर करून घ्यावा लागत नाही एवढंच. आपल्याकडे मार्च एंडला निधी लॅप्स होऊ नये म्हणून जी पळापळ चालते ती त्यांच्याकडे सप्टेंबरअखेर असते, या रकमेला तेवढी चार वर्षं उसंत मिळाली. त्यामुळे "२०२९ पर्यंतचा निधी" असं सरळ वर्ष घातलेलं उत्तम.

जाता जाता, इमिग्रेशनला स्थलांतर म्हणतात तो शब्दही इथे जरा अडचणीचा. बीडहून ऊसतोडीला कारखान्यावर जाणं हेही स्थलांतरच, त्याला कोणी व्हिसा विचारत नाही. परदेशातून येऊन राहण्याला आप्रवासन हा शब्द आहे, विमानतळावरच्या पाट्यांवर दिसतोही, पण बोलताना सगळे इमिग्रेशनच म्हणतात, तेव्हा तेच लिहायला काय हरकत आहे?