मूत्राशय, प्रोस्टेट, वृषण यांच्या कॅन्सरवरचं संशोधन डॉक्टरच करतात का? भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे जागा आहे का?

आहे, आणि हक्काची आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊती तपासून आजाराचं निदान करणारी डॉक्टर. प्रोस्टेटवर काम करणाऱ्या आमच्या गटात भौतिकशास्त्रवाले नसतील तर माझं निम्मं काम अडेल.

आधी वृषणाच्या कॅन्सरचं बघा. १९६५ च्या सुमारास बार्नेट रोझेनबर्ग हे बायोफिजिक्सचे प्राध्यापक विद्युतक्षेत्राचा ई. कोलाय जिवाणूंवर काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणू नुसते लांबत गेले, त्यांचं विभाजन थांबलं. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेली संयुगं होती. त्यांपैकीच एक सिसप्लॅटिन, जे पुढे कॅन्सरवरचं औषध झालं. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांसोबत द्यायला सुरुवात केली. शरीरात पसरलेला हा कॅन्सर तोवर बहुतेकांचा जीव घ्यायचा. आज पसरल्यानंतरही बहुतेक रुग्ण बरे होतात. अर्थात केमोनंतर पोटात उरलेल्या गाठी काढायला निष्णात सर्जन लागतो. आणि हे रुग्ण बरेचदा तरुण असतात, त्यामुळे उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवता येतं हे त्यांना कुणीतरी आठवणीने सांगावं लागतं. घाईगडबडीत हे राहून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये तर क्षयाची बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडतात. १९७६ मध्ये आल्वारो मोरालेस या युरोलॉजिस्टने त्याचे पहिले निष्कर्ष मांडले.

आता आमचं रोजचं काम. शस्त्रक्रियेत काढलेली प्रोस्टेट आली की मी तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावते, मग आडवे काप घेते. एमआरआयमध्ये दिसलेली गाठ कापात त्याच जागी आहे का, ते जुळवायचं असतं. पण ऊती टिकवायच्या फॉर्मलिन या द्रावणात ग्रंथी आकसते, काप थोडा तिरका जातो, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. ती गणिताने बसवून देणारा सहकारी भौतिकशास्त्राचा आहे. कापात स्पष्ट असलेली गाठ एमआरआयला का दिसली नाही, हे कोडंही मला एकटीला सुटत नाही.

तुम्हाला किरणोत्सर्गात रस असेल तर ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याबद्दल वाचा. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूला ते जोडून शिरेतून देतात. गाठीला किती मात्रा पोचली, किडनीला आणि लाळग्रंथींना किती गेली, हा हिशोब तुमच्याच विषयाचा आहे.

प्रवेश घेण्याआधी एखाद्या रुग्णालयाच्या ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे कॅन्सर रुग्णांवर वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र चर्चा करतात त्या बैठकीला बसायची परवानगी मागा. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, ऑन्कॉलॉजिस्ट एकाच स्कॅनवर कुठे अडतात ते ऐका आणि लिहून घ्या. संशोधनाचा विषय त्यातूनच निवडा.