सर्व्हर दुरुस्त झाला, पण काउंटर जोडले जात नाहीत

प्रश्न : कोल्हापुरात आमचे उपाहारगृह आहे. विजेच्या दाबामुळे सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला आणि तंत्रज्ञाने तो बदलून दिला. डिस्क जुनीच असून सर्व्हरवर बिलिंगचा प्रोग्राम नीट उघडतो. परंतु दोन्ही काउंटरवर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश येतो आणि कॅप्टनच्या (ऑर्डर घेणाऱ्या प्रमुख वेटरच्या) टॅबवरून स्वयंपाकघरात केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, जात नाही. काउंटरवर प्रोग्राम पुन्हा टाकावा का?

उत्तर : कृपया तसे करू नका. प्रोग्राम सर्व्हरवर उघडतो, याचा अर्थ आपला डेटा बहुधा शाबूत आहे. काहीही बदलण्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप मात्र बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा.

बिघाड बहुधा सर्व्हरच्या आयपी पत्त्यात, म्हणजे नेटवर्कवर यंत्राला ओळखणाऱ्या क्रमांकात, असावा. नेटवर्क कार्ड सहसा मदरबोर्डवरच असते आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचा मॅक क्रमांक, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, असतो. राउटरमध्ये त्या क्रमांकासाठी एखादा आयपी पत्ता राखून ठेवलेला असेल, तर नवा मदरबोर्ड राउटरला अनोळखी वाटतो आणि तो सर्व्हरला दुसराच पत्ता देतो. पत्ता विंडोजमध्ये हाताने भरलेला असला, तरी ती नोंद जुन्या कार्डाची होती. नव्या कार्डाला ती लागू होत नाही. काउंटर आणि टॅब मात्र अजून जुन्याच पत्त्यावर सर्व्हरला शोधत आहेत.

सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या आणि दिसणारा पत्ता काउंटरच्या सेटिंगमधील पत्त्याशी ताडून पाहा. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर सर्व्हरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी आधी नेटवर्कची केबल आणि ती जिथे जोडली जाते तो नेटवर्क स्विच तपासा. पत्ता केवळ बदललेला असेल, तर प्रत्येक काउंटर आणि टॅबवर नवा पत्ता भरत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच जुना पत्ता परत द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापूर्वी तो पत्ता दरम्यान एखाद्या मोबाइलने किंवा सीसीटीव्हीच्या यंत्राने घेतलेला नाही ना, हे राउटरच्या यादीत पाहून घ्या.

पत्ता जुळूनही जोडणी होत नसेल, तर फायरवॉलकडे, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजमधील सुरक्षा व्यवस्थेकडे, वळा. नव्या कार्डामुळे विंडोज आपले नेटवर्क नवे मानते, त्याला ‘पब्लिक’ ठरवते आणि बाहेरून येणारी जोडणी अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये डेटाबेसचे पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांकित दार) तेवढे उघडा. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या प्रणालीवर असेल, तर ते पोर्ट सहसा 1433 असते. घाईच्या वेळी अख्खी फायरवॉल बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या यंत्रात आपला सगळा हिशेब आहे ते असे उघडे टाकणे योग्य नाही.

केओटी सर्व्हरमार्फत जात असेल, तर काउंटर जोडले गेल्यावर तीही बहुधा सुरू होईल. न झाल्यास सर्व्हरवरून स्वयंपाकघरातील प्रिंटरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे ‘ping’ या आज्ञेने तो उत्तर देतो का, हे पाहा.

पहिले बिल काढण्यापूर्वी सर्व्हरची तारीख आणि वेळ अवश्य तपासा, कारण नव्या मदरबोर्डचे घड्याळ चुकीचे असू शकते आणि बिलावर तीच तारीख उमटते. जीएसटीच्या नियम 46 नुसार बिलांचे क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षापुरते एकमेव असावे लागतात. मात्र एकापेक्षा अधिक मालिका ठेवता येतात. त्यामुळे या काळात हाताने लिहिलेल्या बिलांना वेगळी मालिका द्या आणि ती तशीच प्रोग्राममध्ये नोंदवण्याची सोय आहे का, हे आपल्या विक्रेत्याला विचारा.