‘अंत्यज’ म्हणजे वाळीत टाकलेला का?

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गायकवाडी काळातले मराठी कागद निघाले. त्यांत ‘अंत्यज शाळा’ असा उल्लेख आहे. अंत्यज म्हणजे जातीने वाळीत टाकलेले लोक का? आज लिहिताना हा शब्द वापरावा का?

उत्तर : नाही, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या. वाळीत टाकलेला माणूस मुळात जातीतलाच. त्याचा रोटीबेटी व्यवहार तोडत, पण प्रायश्चित्त घेऊन, दंड भरून, जातजेवण घालून तो परत पंक्तीत बसू शके. अंत्यजाला हा परतीचा रस्ताच नव्हता. त्याचा ‘दोष’ जन्माचा ठरवलेला.

अंत्य + ज, शेवटी जन्मलेला. ही कल्पना किती जुनी, ते पतंजलीच्या महाभाष्यात (पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावरची टीका, सुमारे इ.स.पू. दुसरे शतक) दिसते. ‘अनिरवसित’ म्हणजे बहिष्कृत नसलेल्या शूद्रांच्या नावांचा समास एकवचनी होतो, असे पाणिनीचे २.४.१० हे सूत्र सांगते. त्यावर पतंजली म्हणतो : ज्यांनी जेवलेले भांडे संस्काराने शुद्ध होते ते शूद्र ‘अनिरवसित’, ज्यांचे कशानेही होत नाही ते ‘निरवसित’, उदाहरण चांडाल आणि मृतप. समासाचे वचन ठरवायला उष्टे भांडे पुरावा म्हणून यावे, हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

अत्रिस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथात सात अंत्यज मोजले आहेत : रजक (धोबी), चर्मकार, नट, बुरुड, कैवर्त, मेद, भिल्ल. ही यादी तुमच्या कागदांना लावू नका. धोबी-परीट महाराष्ट्रात सहसा अस्पृश्य नव्हते आणि महार-मांग या यादीत नाहीत. बडोदे संस्थानात ‘अंत्यज’ हा अस्पृश्य मानलेल्या सगळ्या जातींसाठीचा सरकारी शब्द होता. सयाजीरावांनी त्यांच्या मुलांसाठी १८८०च्या दशकात वेगळ्या शाळा काढल्या, त्या याच.

आता वापराचे. मूळ कागद उद्धृत करताना शब्द जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत ठेवा. स्वतःच्या वाक्यात ‘दलित’ लिहा. कायदेशीर संदर्भात ‘अनुसूचित जाती’ हाच शब्द. तो १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या इंग्रजी संज्ञेवरून आला. ‘हरिजन’ टाळा. तो शब्द ज्यांच्यासाठी योजला त्यांतल्या अनेकांनीच तो नाकारला, आणि जातीच्या दाखल्यांत तो लिहू नये असे केंद्राने १९८२ सालीच राज्यांना कळवले होते.

कागदांवर तारीख नसेल तर शब्दाचा थोडा उपयोग होतो. या अर्थाने ‘हरिजन’ आढळला तर कागद बहुधा १९३२नंतरचा, कारण गांधीजींनी तो त्या सुमारास रूढ केला. ‘अंत्यज’वरून मात्र काळ ठरवू नका, हा शब्द पुढेही चालूच राहिला.