वचन पाठ आहे, तरी पाय घसरतो

प्रश्न: रात्री मोबाईलवर अश्लील चित्रं पाहण्याचा मोह होतो. प्रार्थना करूनही पुन्हा पडतो. काय चुकतं?

उत्तर: मोह होणं पाप नव्हे, येशूलाही झाला. मत्तय ४ मध्ये त्यानं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं नेमकं वचन वापरलं. सैतानानंही तिथं स्तोत्र ९१ ऐकवलं, म्हणून वचन संदर्भासह शिका. तुमच्यासाठी ईयोब ३१:१ पाठ करा; तिथं ईयोब आपल्या डोळ्यांशी करार केल्याचं सांगतो.

चूक बहुधा वेळेची होते. याकोब १:१४-१५ प्रमाणे वासना गर्भ धरते, मग पाप जन्मतं. चित्र उघडल्यावर केलेली प्रार्थना उशिराची. मोबाईल झोपण्याआधीच दुसऱ्या खोलीत ठेवा. २ तीमथ्य २:२२ ‘पळ काढ’ म्हणतं, आणि तेही शुद्ध मनाच्या लोकांसोबत! एका विश्वासू भावाला आजच सांगा.