आईची हाडांची गोळी ७ वर्षं चालू आहे, आता मांडी दुखते. काळजीचं आहे का?
हो, दाखवायला हवं, आणि याच आठवड्यात. वयामुळे दुखतंय म्हणून सोडून देऊ नका.

अ‍ॅलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या हाडांची झीज रोखतात, पण जुनं हाड काढून नवं भरण्याचं कामही त्यामुळे मंदावतं. बारीक तडे तसेच राहतात. मग क्वचित कधी साधं चालतानाही मांडीचं हाड आडवं मोडतं. त्याआधी कित्येकदा काही आठवडे मांडी किंवा जांघ ठणकत असते. म्हणून दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या, दुखत नसलेल्या बाजूचाही. तोवर आईंना जिने चढू देऊ नका.

असं फ्रॅक्चर दुर्मीळच. गोळीमुळे टळणारी खुब्याची आणि मणक्यांची फ्रॅक्चर कितीतरी जास्त. तरी साधारण ५ वर्षांनी गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारायचंच असतं.